चाराने भागायचा बोका

आधीच सांगून ठेवतो, मी जे सांगतो त्याला चाराने भागायचं असतं. नियम माझा नाही, बायकोचा. लग्नाआधी ती पुण्यात शाळेवर गणित शिकवायची, आणि लग्नानंतर तिच्या वर्गात मी एकटा विद्यार्थी उरलो. जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या आमच्या घरी पाहुणे जमले की मी सुटायचो. गाड्यांच्या कारखान्यात रंग देण्याच्या विभागात होतो तेव्हा माझी नजर इतकी तीक्ष्ण होती, की दारावर बसलेला धुळीचा कण मी कँटीनमधून ओळखायचो. साहेब लोक मला विचारल्याशिवाय लाल रंगाला लाल म्हणायचे नाहीत, वगैरे. मी असा रंगात आलो की ती माझ्या पाठीमागे उभी राहून, एका हातात चहाचा ट्रे सांभाळत, दुसऱ्या हाताची चार बोटं वर करायची. अंगठा आत मुडपलेला. पाहुणे खो खो हसायचे. ते माझ्या गोष्टीला हसतायत असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

मी निवृत्त झालो आणि त्याच हिवाळ्यात तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मराठीही गेलं आणि तिचं ते व्याकरणशुद्ध जर्मनही. डावा हात शाबूत राहिला. पण तोही मांडीवर नुसता ठेवलेला असायचा, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

डॉक्टर मला म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा. मला हे सांगणं म्हणजे उघड्या नळाला वाहा म्हणणं. मी बोललो. अंघोळ घालताना बोललो, भरवताना बोललो. रोज थापा वाढवत नेल्या. एक दिवस मी तिला सांगितलं, की खालच्या बेकरीतल्या बाईनं मला लग्नाची मागणी घातली आणि हुंड्यात भट्टी देते म्हणाली. बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं. मला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, तिनं मला भागायला हवं होतं. म्हणजे आत कुणीतरी आहे हे कळलं असतं.

दाताचा डॉक्टर गालात इंजेक्शन देतो ना, तसं मला कुणीतरी अख्ख्या माणसात दिलं होतं. चावलं तरी कळत नाही, काय चावतोय तेही कळत नाही, आणि लाळ मात्र गळत असते. माझं बोलणं म्हणजे ती लाळ.

तर बोका.

आमच्या इमारतीत झाडलोटीची पाळी असते. ज्याच्या दारावर पाटी टांगली, त्या आठवड्यात जिना, अंगण आणि कचऱ्याचे डबे त्याचे. जगबुडी आली तरी आधी अंगण झाडायचं आणि मग बुडायचं, असा इथला दंडक आहे. त्या आठवड्यात पाटी माझ्या दारावर होती. वरच्या मजल्यावरची आजी खिडकीत कोपर टेकून माझ्या झाडूवर लक्ष ठेवून होती. जैविक कचऱ्याच्या तपकिरी डब्यामागे मी झाडू घातला आणि डबा गुरगुरला.

मागे एक पांढरा बोका पडला होता. वासराएवढा. (भागा.) अंगणात तो वर्षभर दिसायचा, पण कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. एक कान फाटका, मागच्या डाव्या मांडीवर चाव्याची जखम, पू वाहत होता आणि वास तर असा, की डब्यानंच नाक धरलं असतं.

"मेलाय का?" आजीनं वरून विचारलं.

"अजून नाही. तुमची परवानगी मागतोय."

"मग तिथून हलवा त्याला. डबे उद्या जायचेत."

मी धुण्याची टोपली आणून त्याच्यावर पालथी घातली. नंतर काय झालं ते मी पुष्कळ वेळा पुष्कळ प्रकारे सांगितलं आहे. एका प्रकारात अग्निशमन दल आहे. खरं म्हणजे त्यानं माझ्या दोन्ही हातांची खांडोळी केली, मी ती बघत उभा राहिलो, आणि दुखत नव्हतं. रक्त टोपलीवर पडत होतं. आजी वरून ओरडली, "अहो, तुमचा हात!" आणि मी म्हणालो, "हो, माझाच आहे."

गुरांच्या डॉक्टरला गावाकडे जसं सगळं गाव ओळखतं, तशी आमच्या भागातली प्राण्यांची डॉक्टरीण. उंच बाई, बोलणं कमी. बायकोला घरी एकटी ठेवता येत नव्हतं, म्हणून व्हीलचेअरवर तिला आणि तिच्या मांडीवर दोरीनं बांधलेली टोपली, अशी आमची वरात तिथं गेली. बोका सगळ्या वाटेवर किंचाळत होता आणि बायको समोर बघत होती.

"हा तुमचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हा कुणाचाच नाही. पण आमच्या साताऱ्याकडे याचे चुलते वाघ आहेत. लहानपणी मी त्यांच्यातल्या एकाला शेपटीला धरून ओढ्याच्या पलीकडे टाकला होता."

"आल्झो... तर मग," त्या वजनकाट्याकडे बघत म्हणाल्या, "वाघाचा पुतण्या साडेचार किलोचा आहे."

मी त्यांना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मग मला उमगलं, की या बाईंना भागाकार येत नाही. माझ्या प्रत्येक वाक्याला त्या सरळ शून्यानं गुणत होत्या. आणि सवयीनं मी मागे वळून पाहिलं. बायकोचा हात मांडीवर होता.

त्यांनी बोक्याला भूल देऊन जखम चिरली, पू काढला, आणि मला एक मोठा तारेचा पिंजरा उसना दिला. जखम भरेपर्यंत आत ठेवा, गोळी मांसात लपवून द्या, मग जिथून उचलला तिथं सोडा. माणसाळणार नाही. लळा लावू नका.

"काळजी करू नका," मी म्हणालो. हे वाक्य भागायची गरज नव्हती.

पिंजरा मुलीच्या खोलीत ठेवला. मुलगी ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे, दर रविवारी फोन करते. तिला मराठी सगळं कळतं; उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मी तिला बोक्याचं सांगितलं, वासरापासून अग्निशमन दलापर्यंत. ती म्हणाली, "डुर्ख फिअर, पापा." चाराने भागलं, बाबा. आईचंच गणित, भाषा तेवढी वेगळी. तीही म्हणताना दमल्यासारखी वाटली.

बोका मला बघितलं की जाळीला येऊन आदळायचा. गोळी देताना मी स्वयंपाकाचे जाड हातमोजे घालायचो आणि तरी फाटायचो. त्याच्यापुढे मांस ठेवायचं, खालचा कागद बदलायचा, मग बायकोचं जेवण, तिची औषधं, कपडे, भांडी. कधी कधी गोळी हातात घेऊन मी दोन खोल्यांच्या मध्ये उभा असायचो, आणि ही कुणाची, हे आठवायला वेळ लागायचा. दुपारी बायकोची खुर्ची मी त्या खोलीच्या दारात नेऊन ठेवायचो. तेवढाच तिला बदल. दोघं एकमेकांकडे बघत बसायची. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं, त्यामुळे घर कसं शांत होतं.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी हिवाळाभर बायकोला सांगून पाहिलं होतं, की डाव्या हातानं चाक ढकला, डाव्या पायानं रेटा, खुर्ची चालते. बायकोनं एकदाही चाकाला हात लावला नव्हता. "इच्छा पाहिजे," त्या बाई मला दाराशी हळूच म्हणायच्या. मी "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचो.

मग ती दुपार आली. औषधाच्या दुकानात माझं पाच मिनिटांचं काम होतं. बायकोला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवली, चाकांचे ब्रेक लावायला विसरलो आणि निघालो. औषध घेतलं. मग घरी न जाता स्टेशनवर गेलो आणि फलाटावरच्या बाकावर बसलो. कुठं जायचं नव्हतं. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. मी पळून जायचा विचार करत होतो असं म्हणता आलं असतं तर बरं होतं, त्याची निदान गोष्ट झाली असती. मी काहीच विचार करत नव्हतो. थंडीनं गुडघे आखडले तेव्हा उठलो.

घरी आलो तर बायको मुलीच्या खोलीच्या दारात होती. मी तिला तिथं ठेवलं नव्हतं. हे मला दिसलं. दिसलं म्हणजे डोळ्यांवर पडलं आणि घसरून गेलं. मी ब्रेक लावले आणि भात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा डावा हात पुण्याहून आणलेल्या साबणाच्या वडीनं धुतला आणि टॉवेलनं पुसला, तर टॉवेलवर लाल डाग. वाटलं, बीट असेल. आम्ही बीट खाल्लं नव्हतं. तेही मला माहीत होतं. टॉवेल मशीनमध्ये टाकला.

मग बोक्याकडे गेलो. बोका पिवळा झाला होता.

इथं भागायचं नाही. मांडी पिवळी, पंजे पिवळे, ओठ, जीभ, हिरड्या, कानांची आतली बाजू, सगळं पिवळं. रात्रीचं मांस तसंच पडलेलं. मला बघून तो जाळीवर आदळलाही नाही. तोंड उघडून फिस्कारला, ते तोंडही पिवळं.

एवढी वर्षं रंगात काढलेल्या माणसाला तो पिवळा ओळखता येऊ नये? नाही आला. हळदीचा वास आमच्या घराच्या भिंतींना इतका मुरला आहे, की तो फक्त जर्मन पाहुण्यांना येतो. मला वाटलं, संपलं याचं. त्यापलीकडे काही वाटलं नाही.

पुन्हा वरात. डॉक्टरीणबाईंनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं, टॉर्च मारला आणि ओठ घट्ट मिटले. "कावीळ दिसतेय," त्या म्हणाल्या. "जखमेतलं विष यकृतापर्यंत गेलं असणार. खात नाही म्हणता. पाळीव असता तर सलाईन लावून झुंजता आलं असतं. याला रोज भूल देऊन सुया टोचायच्या, म्हणजे त्याचे हालच. तपासणीसाठी मी रक्त घेईन, त्यासाठी झोपवावं लागेल. आकडे माझ्या अंदाजासारखे आले, तर त्याला पुन्हा जागं करू नये. तुमचं काय म्हणणं?"

"हो," मी म्हणालो. बेकरीत पिशवी हवी का विचारतात तेव्हा ज्या आवाजात उत्तर देतो, त्याच आवाजात.

त्या इंजेक्शन भरायला वळल्या. मी बायकोपाशी गेलो. तिला सांगायला हवं होतं. वाकून म्हणालो, "अगं, त्याला कावीळ झालीय. झोपवतायत."

तिनं डावा हात उचलला.

माझ्या तोंडासमोर धरला. इतका जवळ, की नाकाला लागला. मी बोटं मोजली. चार नव्हती. पाचही होती, अंगठ्यासकट, पसरलेली. मला वाटलं, थांब म्हणत असेल, किंवा मार देत असेल, किंवा नुसताच हात उडाला असेल. मी तो खाली ठेवला. तिनं पुन्हा उचलला. या खेपेला नखं माझ्याकडे केली.

नखांच्या कडांना पिवळं होतं. बोटांच्या पेरांत, रेषांत पिवळं होतं. आता वास आला.

"थांबा!" मी ओरडलो. "कावीळ नाही ती! हळद आहे! माझ्या बायकोनं बोक्याच्या जखमेला हळद लावलीय!"

डॉक्टरीणबाई सुई हातात धरून वळल्या. त्यांनी व्हीलचेअरकडे पाहिलं, निर्जीव उजव्या हाताकडे पाहिलं, माझ्या ओरबाडलेल्या हातांकडे पाहिलं.

"तुमची पत्नी," त्या शांतपणे म्हणाल्या, "जिला चमचा धरून भरवावं लागतं, ती एकटी त्या खोलीत गेली. आणि ज्या बोक्यानं तुमचे हे हाल केले, त्यानं तिला जखमेवर मसाला लावू दिला."

"हो."

"हा वाघाचा चुलता होता की पुतण्या?"

आयुष्यभर पिकवलेलं पीक असं एका वाक्यात कापणीला आलं. मी मदतनीस मुलीकडे ओला कापूस मागितला, बोक्याच्या पंजाला जाळीतून पुसला (तोही ओरबाडून घेतला), आणि पिवळा झालेला कापूस धरून म्हणालो, "साबण द्या. हळदीला साबण लागला की ती लाल होते. आमच्याकडे प्रत्येक पोराचा शर्ट असा लाल झालेला असतो. आमच्या बायका कपाळाला लावतात ते कुंकूसुद्धा हळदीत चुना घालूनच करायचे. काविळीचा पिवळा लाल होणार नाही."

त्यांनी बेसिनवरचा साबण पिळून दिला. मी चोळला. कापूस पिवळाच राहिला.

मदतनीस मुलगी जमिनीकडे बघू लागली. त्या क्षणी मला पहिल्यांदा काहीतरी झालं. बोका मरणार हे मला सकाळपासून चालत होतं. पण हा हात खोटा ठरला असता, तर तो नुसताच उडालेला हात झाला असता.

मग रंगाच्या विभागातला म्हातारा माझ्यात जागा झाला. दवाखान्यातला द्रवसाबण. त्वचेला जपणारा. त्यात क्षारच नसतो! "कपडे धुण्याची पावडर आहे?" मी विचारलं. "चादरी कशानं धुता?"

मुलगी धावत गेली आणि मूठभर पावडर कपात घेऊन आली. पाणी घातलं, कापूस बुडवला. कापूस लाल झाला. विटकरी, गडद लाल. सकाळच्या टॉवेलसारखा.

डॉक्टरीणबाईंनी तो चिमट्यानं उचलून दिव्याखाली धरला. मग दुसरा कापूस घेऊन स्वतः पुन्हा करून पाहिलं. तोही लाल.

"रक्त तरी तपासणार मी," त्या म्हणाल्या. "पण जागं करायच्या तयारीनं."

यकृत ठणठणीत निघालं. जखमही बरी होती, नुसती कडवट हळद चाटून चाटून त्याचं तोंड मेलं होतं. "पुन्हा असं लावू नका," त्या म्हणाल्या. मला नाही, बायकोपुढे गुडघ्यावर बसून तिला. "चाटतात ती, पोटात जातं." बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांनी तिचा पिवळा हात हातात घेऊन नीट पाहिला. त्यावर एकही ओरखडा नव्हता.

घरी येऊन मी मिसळणाचा डबा उघडला. तो कालपासून टेबलावर झाकण तिरकं होऊन पडला होता, मी त्यातूनच मोहरी घेतली होती. हळदीच्या वाटीत बोटांचे खड्डे होते. टेबलावर पिवळं, टेबलापासून दारापर्यंत फरशीवर पिवळे ठिपके, खुर्चीच्या डाव्या चाकावर पिवळं, पिंजऱ्याच्या जाळीला पिवळं. सगळं माझ्या नाकासमोर. मी त्यावरून चालत होतो.

मी फरशी पुसली नाही. आजी झाडलोट तपासायला घरात येत नाही हे नशीब.

रविवारी फोन आला. मी बायकोच्या खुर्चीशेजारी बसून, स्पीकर लावून, मुलीला सगळं सांगितलं. आणि सांगताना, काय करणार, सुटलो. डॉक्टरीणबाईंच्या हातात तलवारीएवढी सुई आली. दवाखान्यात बघ्यांची गर्दी झाली. कापूस लाल झाला तेव्हा टाळ्यांनी खिडक्यांच्या काचा हादरल्या. आईनं खुर्ची अशी पळवली, की बाजूच्या कारखान्यातली माणसं तिला गाड्यांच्या चाचणीच्या रस्त्यावर चालवायला मागत होती.

पलीकडून उसासा आला. "डुर्ख फिअर, पापा."

माझ्या उजवीकडे काहीतरी हललं. बायकोचा डावा हात मांडीवरून वर आला होता, खुर्चीच्या हातावर टेकलेला. अंगठा आत मुडपलेला. करंगळीही मुडपलेली आणि तिच्या शेजारचं बोटही. दोन बोटं उभी होती. थरथरत होती, पण उभी होती.

मी ती पुन्हा पुन्हा मोजली.

"पापा? आहेस का?" तिनं जर्मनमध्येच विचारलं.

"आई म्हणतेय," मी म्हणालो, "चाराने नाही. या वेळी दोनाने."

मग मुलगी मराठीत बोलली. तिचं मराठी शाळा सुटल्यापासून वापरलेलं नाही, शब्द बुजलेले येतात. "बाबा," ती म्हणाली, "आणि हे? आईचं हे कितीने भागू?"

"याला भागायचं नाही."

मुलीच्या खोलीत बोका जाळीला आदळला. त्याला भूक लागली असावी. हात हळूहळू खाली गेला. मी तो मांडीवर नीट ठेवला, फोन तिच्या कानाशी टेकवला आणि उठून बोक्याचं मांस कापायला घेतलं. सुरी बोटाला लागली. दुखलं.